पडद्याची पाठ

या, जरा जवळ सरकून बसा. शिवणकाम करणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगतो, खोटी निघाली तर माझा कान धरा.

मुलाचं लग्न आठवड्यावर आलेलं आणि घर एका खोलीचं. पुढे तिचं मशीन आणि गिऱ्हाइकांची ये-जा. मागचा भाग नव्या जोडप्याला द्यायचा ठरला. मध्ये पडदा हवा, म्हणून तिने गडद लाल मखमल आणली. मखमल मशीनखाली सरकते, म्हणून आधी हाताने कच्चे टाके घातले, मग शिवली. कापड एकेरीच पुरलं. त्यामुळे मऊ, झळाळती बाजू एकीकडे आणि फिकी पाठ दुसरीकडे.

पडदा टांगल्यावर नवरा हसत म्हणाला, “अगं, उलटा लावलास की!”

“सुलटाच आहे. तुम्ही पलीकडे जाऊन बघा.”

नणंदेला हसू आलं नाही. “वहिनी, गिऱ्हाइकं ही पाठ बघतील. म्हणतील, हिला साधा पडदा लावता येत नाही, आमचे कपडे काय शिवणार!”

तिचा हात दांडीवर थांबला. घर तिच्या शिवणाच्या नावावरच चालत होतं. मग ती म्हणाली, “गिऱ्हाईक घटकाभर बसतं, वन्सं. ती पोरगी आईबापाचं घर सोडून येणार. तिला रोज उठल्यावर पाठ दाखवू?”

पडदा तसाच राहिला. बायका कुजबुजल्या, एक जुनं गिऱ्हाईक तुटलंही. सून मात्र पहिल्या सकाळी मखमलीवरून कितीतरी वेळ हात फिरवत बसली होती.

बाबांनो, आपण झळाळती बाजू जगाला दाखवतो आणि पाठ आतल्या देवाला; देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या सासूची आठवण असू द्या.