कणगीला वारा लागू द्या

मित्रांनो, जरा जवळ या. माझा आवाज आता लांब जात नाही.

संगमनेरात दूध डेअरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला दोन खोल्यांचं एक भाड्याचं घर आहे. त्याच्या मागं एवढंसं अंगण आहे. तिथं भिंतीला टेकून, विटांवर, मी उभी आहे. मी कणगी आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कणगी पाहिली नसेल. माणसाच्या छातीएवढी उंच, पोटाला फुगीर, तोंडाला निमुळती, बांबूच्या कामट्यांची विणलेली मोठी टोपली म्हणजे कणगी. आमच्यात लोक वर्षाचं धान्य साठवायचे. माझ्या पोटात आता भाजीचे देठ, केळीच्या साली आणि चहाचा चोथा असतो. हे कसं झालं ते सांगते. मध्येच थांबले तर रागावू नका. माझं बूड नरम झालं आहे, फार वेळ ताठ उभं राहवत नाही.

माझा जन्म पाथर्डीच्या डोंगराकडचा. मुक्ताबाई नावाच्या बाईने बुरडाला दारात बसवून मला विणून घेतलं. ती त्याच्या समोरच बसून राहिली.

"घट्ट वीण, दादा. मुंगी शिरली तर तुझं नाव घेईन."

"मुंगी आली तर तुमच्या दाण्याच्या गोडीनं येईल, मावशी," बुरूड म्हणाला. "माझ्या इनीतनं न्हाई यायची."

मी विणून झाले आणि मुक्ताबाईने मला लिंपायला घेतलं. शेण आणि पांढरी माती कालवून तिने मला आतून बाहेरून सारवलं. तिची चार बोटं माझ्या अंगावरून अर्धगोल फिरायची आणि त्यांच्या रेघा तशाच वाळायच्या. आमच्याकडची रीतच होती, लिंपल्याशिवाय कणगी भरायची नाही. विणीतली सगळी भोकं बुजली पाहिजेत. मग तळाला राख, त्यावर बाजरी, मध्ये कडुलिंबाचा पाला, आणि शेवटी तोंडही पेंढा लावून लिंपून टाकायचं. वारा लागला की दाण्याला कीड लागते. म्हणून वारा माझा वैरी. तो बाहेर ठेवायचा, एवढंच काम मला शिकवलं होतं, आणि ते मी मन लावून केलं.

मुक्ताबाईची सून लंकाबाई. दिवाळी झाली की लंकाबाई आणि तिचा नवरा ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यात परत यायचे. घरी मुक्ताबाई, तिचा लहान नातू कल्याण आणि मी. पाऊस दगा द्यायचा. गावात एकेकाच्या घरचं धान्य संपायचं. मुक्ताबाई धान्य काढायला माझ्या बुडाजवळ ठेवलेल्या लहान तोंडाचा चिंधीचा बोळा काढायची, ओंजळभर बाजरी घ्यायची आणि लगेच बोळा घालायची. पाहुणे आले की माझ्या पोटावर बोटाने टकटक करून बघायचे आणि म्हणायचे, कणगी असावी तर अशी. मला फार बरं वाटायचं.

मग पत्र्याची कोठी आली. नंतर रेशनचं धान्य प्लॅस्टिकच्या गोणीत येऊ लागलं, गोणीतच राहू लागलं. मुक्ताबाई गेली. पुढे लंकाबाईचा नवराही गेला. मला कोपऱ्यात सरकवलं, आणि माझं लिंपण जागोजागी गळून कामट्या दिसू लागल्या. माझ्यात कोणी जुने कोयते टाकले, कोणी फाटक्या गोधड्या. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. ती उबवून पिल्लं घेऊन गेली, तेवढेच काही दिवस सोबत होती. बाकी नुसती धूळ. मित्रांनो, मोडून पडण्यापेक्षा रिकामं उभं राहण्याने जास्त थकायला होतं.

कल्याण मोठा झाला आणि संगमनेरात दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर झाला. त्याचं लग्न कोपरगावकडच्या सुकन्याशी झालं. लंकाबाईची कंबर ऊस तोडून तोडून कामातून गेली, तेव्हा तो टेम्पो घेऊन तिला न्यायला आला. तिने एक ट्रंक बाहेर काढली आणि मग माझ्याकडे बोट दाखवलं.

"आई, ती कशाला? तिथं ठेवायला जागा न्हाई."

"जागा न्हाई तर मलाबी कुठं ठेवशील?"

कल्याणने मला मुकाट्याने टेम्पोत चढवलं.

संगमनेरात लंकाबाईला करायला काही नव्हतं. जन्मभर राबलेली बाई उंबऱ्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत राहायची. सुकन्या चांगली होती, पण ती सासूच्या हातातलं भांडं काढून घ्यायची आणि म्हणायची, "राहू द्या आत्या, मी करते." तिला वाटायचं सासूला आराम मिळावा. लंकाबाईला वाटायचं, आपण या घरात पाहुण्या आहोत. ती रोज माझ्याजवळ येऊन बसायची. दोघी बिनकामाच्या.

पुढे घंटागाडी ओला कचरा वेगळा मागू लागली. सुकन्या बचत गटाच्या बैठकीत घरच्या घरी खत कसं करायचं ते ऐकून आली आणि म्हणाली, "आत्या, तुमची कणगी देता का? कामट्यांची आहे, बरी पडेल. तळाला नारळाच्या शेंड्या घालायच्या, वर वाळका पाला, मग घरातला ओला कचरा, परत पाला. असे थर देत जायचे."

लंकाबाईचा चेहरा उजळला. किती वर्षांनी कोणी तिच्याकडे काही मागितलं होतं. ती म्हणाली, "घे की. तू नुसतं बघ, मी करते सगळं."

दुसऱ्याच दिवशी सुकन्याच्या चुलतभावाच्या लग्नाचं बोलावणं आलं आणि ती कोपरगावला गेली. इकडे लंकाबाई कामाला लागली. गोठ्यावरून शेण आणलं, माती कालवली आणि मला लिंपायला बसली. कंबर धरून, दम खात, तिने माझं अंग आतून बाहेरून सारवलं. सासूने शिकवलं तसं एक भोक राहू दिलं नाही. तळाला राख घातली, लिंबाचा पाला घातला. मग घरातला कचरा माझ्यात टाकायला सुरुवात केली, आणि रोज वरून ओलं फडकं दाबून माझं तोंड बंद केलं. सून परत येईल तेव्हा तिला चकित करायचं होतं.

मला आनंद झाला होता. नव्या लिंपणाचा गारवा अंगाला लागला तेव्हा मला वाटलं, जुने दिवस आले.

जुने दिवस आले नाहीत. आतला कचरा गळू लागला. काळं पाणी तळाला साचलं, त्याला जायला वाट नव्हती. शिळी भाजी, भात, कलिंगडाची सालं यांचा चिखल झाला. त्यात अळ्या वळवळू लागल्या. आणि वास. मी कोंबड्यांची घाण सोसली आहे, उंदीर सोसले आहेत, पण असा वास माझ्या अंगाला कधी आला नव्हता. बाहेर पडायला जागा नसलेली ती वाफ माझ्या पोटात कोंडली होती. फडकं उचललं की ती साऱ्या अंगणात पसरायची.

वरच्या मजल्यावर घरमालकीण साळूबाई राहायच्या. त्यांनी गॅलरीतून पदर नाकाला लावून विचारलं, "लंकाबाई, साखर कारखान्याची मळी आणून ठेवली का काय अंगणात?"

"खत करतीया मी."

"खत व्हय? मला वाटलं आमचं थडगं करताय. कल्याणला सांगा, हे हलवा. माझ्याकडं पाहुणे यायचेत."

कल्याण टँकर लावून घरी आला तेव्हा त्याने दारातच श्वास धरला. तो दमलेला होता. आतही आला नाही.

"उद्या घंटागाडी आली की ही कणगी तिच्यात जाणार," तो म्हणाला.

"कणगी तुज्या आजीची हाय."

"आई, आजीची असू दे न्हाईतर पणजीची. भाड्याची खोली हाय. त्या बाईनं घालवलं तर कुठं जायचं आपण?"

लंकाबाईने माझ्या तोंडावरचं फडकं नीट दाबलं. मग म्हणाली, "बरं. टाक घंटागाडीत. आन् तिथनंच मला पाथर्डीच्या गाडीत बसव. आमी दोघी सारक्याच बिनकामाच्या."

"आता तुझं काय मधीच?"

"मधीच न्हाई. लई दिवसांचं हाय."

गावाकडच्या घराला कुलूप होतं. तिथं तिचं पाणी भरणारंही कोणी नव्हतं. कल्याण हे जाणत होता, तीही जाणत होती. तरी तिने ट्रंक पलंगाखालून ओढली आणि लुगडी घडी करायला बसली. मित्रांनो, मला त्या वेळी फेकलं जाण्याचं दुःख नव्हतं. मी पुष्कळ जगले. पण माझ्यामुळे ही बाई एकटी त्या बंद घरात जाणार, हे मला सोसवत नव्हतं.

सुकन्या सकाळच्या पहिल्या एसटीने परत आली. घंटागाडीचं गाणं अजून दोन गल्ल्या पलीकडे वाजत होतं. तिने अंगणातला वास घेतला, ट्रंक पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं. मग माझ्यावर हात फिरवला.

"आत्या, हिला नव्यानं लिंपलं कोणी?"

"मी. मंग काय उघडीच भरायची? कणगी हाय ती, दुरडी न्हाई."

"अहो, बाजरीला वारा लागू नये म्हणून लिंपायचं. ह्याला वारा लागला पाहिजे. नाही तर ते सडतं."

"मंग सडवायचंच हाय ना?"

कल्याणला एवढ्या रागातही हसू आलं. सुकन्या हसली नाही. ती सासूशेजारी जमिनीवर बसली.

"आत्या, दूध विरजतं आणि दूध नासतं, दोन्हीत दूध बदलतंच की. पण एक आपण खातो, एक फेकून देतो. तसंच आहे हे. वारा मिळाला तर विरजल्यागत होतं, कोंडलं तर नासतं."

 लंकाबाईने आयुष्यभर विरजण लावलं होतं. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. हातातलं लुगडं तिने ट्रंकेवर टाकलं.

"म्हंजी लिंपान काढाया पायजे."

"हो. पण..."

सुकन्या थांबली. लंकाबाईचं ताजं लिंपण सहज निघत होतं. त्याखाली उरलेला जुना थर होता, दगडासारखा झालेला, आणि त्यावर मुक्ताबाईच्या चार बोटांच्या रेघा होत्या. सुकन्याने त्या पाहिल्या आणि हात मागे घेतला. "हा राहू द्या आत्या. मी दुसरा ड्रम आणते."

लंकाबाईने उलथणं उचललं. त्या रेघांवर तिने आपली बोटं ठेवून पाहिली.

"त्या बाईनं दाना राखायला हे केलं. दाना ऱ्हायला न्हाई. आता कुणासाठी राखू?" ती म्हणाली, आणि तिने पहिला ठोका मारला.

मला दुखलं, खोटं सांगत नाही. अंगावरचा एकेक पोपडा पडत होता. बुरडाने विणलेल्या माझ्या कामट्या मी स्वतःही पहिल्या लिंपणानंतर कधी एवढ्या उघड्या पाहिल्या नव्हत्या. कल्याण दारात उभा होता. घंटागाडी समोर येऊन थांबली, गाडीवाल्याने हाक मारली. कल्याणने त्याला हातानेच पुढे जायला सांगितलं आणि बाह्या वर करून आत आला.

"हो बाजूला आई. तुझी कंबर."

तिघांनी मला रिकामं केलं, विटांवर चढवलं आणि सगळं नव्याने भरलं. तळाला शेंड्या. मग वाळका पाला भरपूर, त्यात तो सडका चिखल थोडा थोडा मिसळून. लंकाबाईने लिंपणाचे पोपडे कुटून त्याचा भुगा वरून पसरला. सुकन्या म्हणाली, जुनं शेण आहे, विरजणासारखं लागेल. राख आणि लिंबाचा पाला घालायचा नाही, हेही ठरलं. दाण्यातली कीड मारायची होती तेव्हा ते ठीक होतं. आता तर बारीक जिवांनीच काम करायचं होतं.

वारा माझ्यातून आरपार जाऊ लागला. ज्याला जन्मभर बाहेर ठेवलं त्याला आत घेणं मला जड गेलं. पण काही दिवसांनी माझ्या पोटात ऊब आली. लंकाबाईने हात घालून पाहिलं आणि घाबरून काढला. "आगं, ताप आलाय हिला." सुकन्या म्हणाली, येऊ द्या, चांगलं लक्षण आहे. थंडीतल्या सकाळी माझ्या तोंडातून वाफ निघायची. वास हळूहळू गेला. काही महिन्यांनी तळातून काळी, भुसभुशीत, ओल्या बांधासारख्या वासाची माती निघाली.

पहिली मागणी साळूबाईंची आली. त्या घमेलं घेऊन खाली उतरल्या.

"लंकाबाई, तुमच्या मळीतलं थोडं द्या की आमच्या गुलाबाला."

"मळी म्हनला तर न्हाई देनार."

"बरं, खत म्हणते. द्या आता."

आता गल्लीतल्या बायका विचारायला येतात. लंकाबाई त्यांच्यावर खेकसते. नुसता भात ओतू नका. पाला जास्त, कचरा कमी. मूठभर घेऊन दाबा, हाताला ओल लागली पाहिजे पण थेंब पडता कामा नये. वास आला तर पाला घाला आणि काठीने हलवा. परवा कल्याण टेम्पो घेऊन पाथर्डीकडे निघाला होता. त्याने आईला विचारलं, गावी सोडू का चार दिवस? ती म्हणाली, "चार दिस हिला कोन हलवील?" ट्रंकेवर आता घरातल्यांची अंथरुणं रचलेली असतात.

मित्रांनो, माझ्याबद्दल एवढंच राहिलं. ओल कामट्यांना सोसत नाही. जे माझ्या पोटातल्या सालींचं होतं तेच माझं होत आहे. खालच्या दोन-तीन कामट्या मऊ पडून खतात मिसळल्यासुद्धा. कल्याण म्हणत होता, तार बांधू, रंग देऊ, घरात शोभेला ठेवू. लंकाबाईने नको म्हटलं, आणि मला ते बरं वाटलं. मी थकले आहे. मला उभं करून ठेवू नका.

एक मात्र मागते. तुमच्या घरात जुनी वस्तू असेल, जुनं माणूस असेल, तर त्याला कोपऱ्यात नुसतं जपून ठेवू नका. काम द्या. कालचं काम राहिलं नसेल तर आजचं द्या, आणि ते शिकताना त्याचं चुकलं तर गाडी दारात यायच्या आधी एकदा शेजारी बसून सांगा. सुकन्या बसली म्हणून आम्ही दोघी या अंगणात आहोत.

आता लंकाबाई काठी घेऊन येईल. ती हलवताना दुसऱ्या हाताने माझी मऊ पडलेली बाजू धरते, फाटू नये म्हणून. तेवढा वेळ मी तिच्या हातावर टेकून राहते.