सातवरून तीनवर

हिरड्यांतून रक्त येतं म्हणून आमच्या सासऱ्यांनी तिथे ब्रश फिरवणंच सोडलं होतं. दुखऱ्या जागेला हात लावू नये, हा त्यांचा निष्कर्ष. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

शेवटी मीच त्यांना दवाखान्यात नेलं. दातांच्या डॉक्टरबाईंनी खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घातली आणि मदतनीस बाईंना आकडे सांगितले, "पाच, सहा, सात."

सासरे सुखावले. "चढते आहेत की."

"सर, ही खोली आहे, मिलिमीटरमध्ये. तीनपर्यंत ठीक. ही सातवाली दाढ हलतेय. तीन महिन्यांत हिरडी सुधारली नाही तर काढावी लागेल."

डॉक्टरबाईंनी मुळांपर्यंत साफसफाई केली आणि रक्त आलं तरी ब्रश करायचाच, असं बजावलं. घरी सासरे रक्ताला न जुमानता दोन वेळा ब्रश करू लागले. काही दिवसांत रक्त थांबलं. त्याची बातमी नात्यात सगळीकडे गेली.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली. "दोन, दोन, आणि दाढेला तीन. राहू दे तिला."

सासरे बाहेर आले, ताठ मानेने. वाट बघणाऱ्या चार अनोळखी लोकांना त्यांनी आ करून दाढ दाखवली. मलाही अभिमान वाटला, तेवढ्यात ते म्हणाले, "जावईबापू, तुमचे आकडे काय?"

मी आत जाऊन तपासणीच्या खुर्चीत बसलो.