पाहुण्यांचा ग्रुप

आठवड्यात चौथ्यांदा नवा पासवर्ड काढून किल्लेदाराने त्याचा चिटोरा साहेबांच्या जावयाच्या टेबलावर भिरकावल्यासारखा ठेवला. घरांचे नकाशे काढणाऱ्या या ऑफिसचा सर्व्हर किल्लेदाराच्या ताब्यात होता. कोणता फोल्डर कोणी नुसता बघायचा आणि कोणी त्यात काम ठेवायचं, हे तोच ठरवी. म्हणून लोकांनी त्याला ‘किल्लेदार’ हे नाव दिलं होतं. त्यातली कुचेष्टा त्याला कधी कळली नाही. ऑफिसातल्या सगळ्यांना तो बिनडोक समजायचा, आणि साहेबांचा जावई तर त्याच्या लेखी माणसांत जमाच नव्हता.

साहेबांनी दुपारपर्यंत यादी मागितली होती. कोणाच्या नावावर आजवर किती नकाशे, ते लिहायचं. ज्याचं काहीच नसेल त्याला नारळ मिळणार होता. किल्लेदाराने यादी काढली. तळाला आरेखक बाई होत्या, त्यांच्यापुढे शून्य. अकरा वर्षं खाली मान घालून बसणाऱ्या बाईंचं बिंग आपणच फोडलं, या आनंदात त्याने चहा मागवला.

मग त्याची नजर वर गेली. पहिला नंबर जावयाचा, दोन हजारांवर नकाशे. ज्याला स्वतःचा पासवर्ड चार दिवस लक्षात राहत नाही, त्याचे?

त्याने बाईंचं खातं उघडलं. बाई ‘पाहुणे’ नावाच्या ग्रुपात होत्या. एका दिवसापुरत्या येणाऱ्यांसाठी केलेला ग्रुप तो. फक्त बघायचं, काही ठेवायचं नाही. बाईंना तिथे टाकल्याची तारीख त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाची होती आणि टाकणाऱ्याचं नाव त्याचंच. त्याने बाईंना बोलावून घेतलं.

“नकाशे ठेवता कुठे तुम्ही?”

“जावईबापूंच्या मशीनवरून. ते चालूच ठेवून जेवायला जातात.”

“अकरा वर्षं? आणि मला सांगावंसं वाटलं नाही?”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

“सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात, लेखी. तुम्ही त्याच कागदावर उत्तर दिलंत.”

त्याला काही आठवेना. असली उत्तरं तो ढिगाने देत असे. आता मात्र त्याला घाम फुटला, आणि घाबरलेला माणूस उदार होतो तसा तो उदार झाला. बाईंना त्याने एका झटक्यात सगळीकडे काम ठेवायची परवानगी देऊन टाकली, अगदी साहेबांच्या फोल्डरातसुद्धा. विषय मिटला म्हणाला.

“आणि यादीतलं माझं शून्य?”

यादी आहे तशीच जाईल, त्याने सांगितलं. ती बदलायची तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण तो स्वतः होता.

“सर्व्हर खोटं बोलत नाही, बाई.”

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. टेबलावर सांडलेल्या चहाकडे पाहावं, तसं. मग त्या आपल्या जागेवर गेल्या. किल्लेदाराने यादी पाठवली आणि हुश्श केलं. बाईमाणूस आहे, रडेल आणि गप्प बसेल, असा त्याचा हिशेब होता.

पाच मिनिटांनी साहेबांच्या फोल्डरात एक नवी फाइल दिसली. मालक: आरेखक बाई. त्यांच्या नावावरची पहिलीच. त्याने ती उघडली. एका जुन्या, घडी पडलेल्या कागदाचा फोटो होता. वर बाईंचं सरळ, मोजून काढल्यासारखं अक्षर: सर्व्हरवर काम ठेवता येत नाही, कृपया परवानगी मिळावी. खाली त्याचा गिचमिड शेरा: बघता येतंय ना? तुमच्या कामाला तेवढं पुरे. खाली सही आणि तारीख.

त्याने घाईघाईने फाइल पुसायला घेतली. सर्व्हरने नकार दिला: फाइल सध्या दुसऱ्या व्यक्तीने उघडलेली आहे. खाली त्या व्यक्तीचं नावही दिलं होतं.

काचेपलीकडच्या खोलीत साहेबांची खुर्ची मागे सरकली.