पाचशे वॅटचा डबा

मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका, मित्रांनो. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये तळाशी, कोपऱ्यात, दोन विटांएवढा एक लोखंडी डबा असतो, तो मी. भिंतीतली वीज घ्यायची, तिचा दांडगेपणा काढायचा आणि आतल्या प्रत्येकाला सोसेल एवढीच मोजून वाढायची, हे माझं काम. पंगतीत वाढणाऱ्याकडे कुणी बघत नाही, सगळ्यांचं लक्ष ताटात असतं. त्याचं मला दुःख नाही, फक्त सांगून ठेवतो.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. बाहेर पडण्याआधी मला आणि माझ्या भावंडांना एका गरम खोलीत पूर्ण भार टाकून तासन्‌तास राबवलं. जे टिकले त्यांच्या अंगावर लेबल लागलं. माझ्यावर लिहिलं होतं, ‘५०० वॅट’. ते लेबल म्हणजे माझा शब्द. तो मी कधी मोडला नाही. मात्र तो वाचायचे कष्टही कुणी घेतले नाहीत.

मी आलो अमेरिकेतल्या डुलुथला, सुपीरियर सरोवराच्या काठी, व्हर्ना कोस्केला हिच्या घरी. व्हर्ना शाळेची बस चालवते. आठवडाभर त्रेपन्न मुलांचा कालवा पाठीशी घेऊन बर्फातून बस हाकायची आणि सुटीच्या दिवशी कॉम्प्युटरवर खोटा ट्रक चालवायचा, असा तिचा खाक्या. कॉम्प्युटर तिने स्वतःच्या हाताने जोडला होता. माझ्या सगळ्या वायरी तिने पावाच्या पिशवीला येतात त्या तारांनी इतक्या नेटक्या बांधल्या होत्या, की मला स्वतःचाच अभिमान वाटायचा. दर वसंतात बर्फ वितळलं की ती मला अंगणात नेऊन फुंकून पुसून आणायची. सहा वर्षं मी सुखात होतो.

ट्रकच्या खेळात तिच्यासोबत असायचा तिचा धाकटा भाऊ, आर्नी. तो दूर अलास्कात, फेअरबँक्सला राहतो. दर रविवारी दुपारी दोनला दोघं निघायची. तो पुढे, ती मागे.

“उतार आहे गं, व्हर्न. गिअर खाली घे.”

“मला शिकवतोस? मी बर्फात बस चालवते, बाबा. तुझ्यासारखी उबेत बसून कागद नाही खरडत.”

“म्हणून तर मागे राहिलीस.”

एवढंच बोलणं. रस्ता, हवा, कॉफी. पण त्यासाठी ती रविवारी चर्चमधून तडक घरी यायची, तिथल्या केकलासुद्धा थांबायची नाही. कारण त्याआधी नऊ वर्षं दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलली नव्हती.

हे मला टेबलाखालून ऐकून ऐकून कळलं. वडील गेल्यावर आर्नीने त्यांचं तळ्याकाठचं छोटं घर विकलं, ते ठरलंच होतं. पण अंगणातला सौनाही त्याने व्हर्नाला न विचारता त्या घरासोबत देऊन टाकला. सौना म्हणजे शेगडीवर दगड तापवून वाफ घ्यायची लाकडी खोली, वडिलांनी स्वतः बांधलेली. दर शनिवारी सगळं घर तिथे एकत्र घाम गाळायचं. व्हर्नाने फोनवर त्याला नको नको ते ऐकवलं आणि फोन आपटला. नंतर नातेवाइकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “मी कुठे आपटला? लाइन तुटली.” आर्नीने ते ऐकलं आणि तोही गप्प झाला. नऊ वर्षांनी हा खेळ निघाला आणि त्यात दोघांचे ट्रक एका रस्त्याला लागले. सौनाचा विषय मात्र कुणीच काढत नव्हतं.

मग खेळात नवा डोंगराळ मुलूख आला. व्हर्नाचं जुनं ग्राफिक्स कार्ड धापा टाकू लागलं. चित्र अडखळायचं, ट्रक मागे पडायचा. तिने नवं कार्ड आणलं, चांगलं हातभर लांब, तीन पंख्यांचं. खोक्यावर लिहिलं होतं, निदान साडेसातशे वॅटचा पॉवर सप्लाय हवा. तिने चित्र पाहिलं, पंखे मोजले आणि खोकं फेकून दिलं. कार्डाला विजेचे दोन प्लग लागत होते. माझ्याकडे त्यासाठी एकच वायर होती, टोकाला दोन तोंडं असलेली. तिने दोन्ही तोंडं लावली. बसली एकदाची!

आठवडाभर पत्रं वाचणं, हवामान पाहणं, एवढंच चाललं, तेव्हा काही वाटलं नाही. पण रविवारी घाट लागला. असं कार्ड लेबलवर लिहिलंय तेवढंच खात नाही, मित्रांनो. मधेच, पापणी लवण्याच्याही आत, जवळजवळ दुप्पट मागतं. मी देत होतो. माझी वायर तापली, पंखा ओरडू लागला. आणि नेमका तेव्हाच आर्नी बोलला.

“व्हर्न, एक सांगायचं होतं. त्या सौनाचं.”

खुर्ची करकरली, व्हर्ना पुढे सरकली. ती म्हणाली, “हं?” त्याच क्षणी कार्डाने जो घास मागितला तो माझ्या पाचशेत बसणारा नव्हता. दिला असता तर मी जळलो असतो आणि बरोबर सगळ्यांना घेऊन गेलो असतो. असं झालं की बंद व्हायचं, ही शिकवण आमच्या अंगातच असते. मी बंद झालो.

पडदा काळा. आवाज गेला. “नाही, नाही, नाही!” असं ओरडत व्हर्ना टेबलाखाली शिरली, माझं बटण खालीवर केलं. सगळं पुन्हा सुरू व्हायला दहा मिनिटं गेली. तोवर आर्नी निघून गेला होता. तिने फोन केला, त्याने उचलला नाही. “कॉम्प्युटर बंद पडला” असं तिने लिहिलं, वाचलं आणि खोडलं. खुर्चीत बसून स्वतःशीच म्हणाली, “लाइन तुटली म्हणे! कोण विश्वास ठेवेल?”

मला तोंड असतं तर सांगितलं असतं. नव्हतं. इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी बसची फेरी संपवून ती अख्खं कॅबिनेट उचलून पाकू वांगच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. पाकू तिशीची, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. तिने मला बाहेर काढलं, तपासणीच्या यंत्राला लावलं आणि म्हणाली, “हा बिघडलेला नाही, व्हर्ना. ह्याने बरोबर केलं. हा बंद झाला नसता तर तुमचं नवंकोरं कार्ड गेलं असतं.”

सहा वर्षांत माझं हे पहिलं कौतुक.

“मग मला बाराशे वॅटचा दे,” व्हर्ना म्हणाली. “पुन्हा कटकट नको.”

“बाराशे? बसला विमानाचं इंजिन बसवता का?” पाकूने पेन्सिल घेतली. कार्डाचे दोनशे पंच्याऐंशी, प्रोसेसरचे दीडशे, बाकी पंखे, डिस्क मिळून साठ. “हे झाले चारशे पंच्याण्णव. म्हणजे तुमचा हा बिचारा काठोकाठ भरून चालला होता. वर कार्डाच्या उड्या. साडेआठशे घ्या, पुष्कळ झाले. कार्डाला दोन वेगळ्या वायरी हव्यात, एकीलाच दोन तोंडं नकोत. आणि लांबी बघू द्या.” तिने पट्टी लावून कॅबिनेटमधली जागा मोजली. “हा लांबुडका घेतलात तर डिस्कचा खण काढावा लागेल. हा आखूड घ्या. दहा वर्षांची हमी आहे. बसवून देऊ?”

“बसचं चाक मी बदलते. हा डबा काय बदलता येत नाही मला?”

पाकूने मला पुन्हा जागेवर बसवून दिलं होतं; शनिवारी सकाळी व्हर्नाने मला बाहेर काढून खिडकीत वर्तमानपत्रावर ठेवलं आणि माझ्या जागी तो नवा सरकवला. काळा, तुळतुळीत. मला हेवा वाटला नाही असं म्हणणार नाही. मग माझं लक्ष वायरींकडे गेलं. मला काढताना तिने वायरी माझ्याकडच्या टोकाला सोडवल्या होत्या, आतल्या तशाच ठेवल्या होत्या. एवढ्या नेटक्या बांधलेल्या वायरी कोण उसकटणार? आता त्याच ती नव्या डब्यात खुपसत होती. टक्‌, टक्‌, बसतही होत्या.

मित्रांनो, आमच्या जातीत हाच घात आहे. कॅबिनेटमधल्या टोकाचे प्लग सगळ्यांचे ठरलेले असतात, पण आमच्याकडच्या टोकाला प्रत्येक कारखान्याची वायरींची जुळणी वेगळी. भोक तेच, आतली वीज भलतीच. बटण दाबताच डिस्क जळाली असती, कदाचित सगळंच. रविवारी दोन वाजता व्हर्ना पुन्हा गायब, आणि ह्या खेपेला कायमची. मी खिडकीत नुसता बसलो होतो.

तिने बटणाकडे हात नेला आणि थांबली. टेबलावर नव्या वायरींची पिशवी न फोडलेली पडली होती. कोस्केलांच्या घरात न वापरलेली वस्तू पडून राहिली तर झोप येत नाही. तिने फोन लावला.

“पाकू, वायरींची एक पिशवी उरलीय. परत आणून देऊ का? फुकट जाईल.”

पलीकडून पाकूची किंकाळी मला खिडकीपर्यंत ऐकू आली. “बटण दाबलंत का?”

“अजून नाही.”

“हात मागे घ्या! मागे! जुनी एकूण एक वायर काढा आधी. पिशवीतल्याच लावायच्या. खिशात घाला तो हात!”

व्हर्नाने हात खरंच खिशात घातला. मग तासभर खपून तिने माझ्या वायरी काढल्या, नव्या घातल्या, पावाच्या त्याच तारांनी बांधल्या. बटण दाबलं. नव्या डब्याचा पंखा इतका हळू फिरला, की ती कान लावून ऐकू लागली.

रविवारी दोन वाजता ती तयार होती. आर्नी नव्हता. सव्वादोन झाले. व्हर्नाने फोन लावला, त्याने उचलला नाही. तिला निरोप ठेवायला मुळीच आवडत नाही, पण त्या दिवशी ठेवला. उभी राहून, शाळेत धडा म्हणावा तशी ती बोलली.

“आर्नी, मी व्हर्ना. गेल्या रविवारी मी फोन तोडला नाही. नव्या कार्डाला जुना डबा पुरला नाही, म्हणून मशीन बंद पडलं. हे खरं आहे. आणि इतकी वर्षं जे सांगत आले ते खोटं आहे. तेव्हा लाइन तुटली नव्हती. मीच आपटला होता. मला त्याची लाज वाटते, म्हणून आता सांगतेय. सौनाचं काय म्हणत होतास ते मला ऐकायचंय. डबा बदललाय. आता बंद पडणार नाही.”

ती घाटाच्या पायथ्याशी ट्रक उभा करून बसली. दोन चाळीसला मागून दिवे आले.

“व्हर्न?”

“बोल.”

“न विचारता दिला, ते चुकलंच माझं.” त्याने ट्रक तिच्या पुढे घेतला. “पण दगड नाही दिले. शेगडीवरचे. बाबांनी काठावरून वेचलेले. मी काढून आणले होते. गॅरेजमध्ये आहेत.”

व्हर्ना रडली. मोठ्याने, नाक शिंकरत. घाट चढून उतरेपर्यंत नवा डबा एकदाही अडखळला नाही, आणि मी त्याला मनापासून माफ केलं.

मला कचऱ्यात टाकलं नाही, व्हर्नाने पाकूकडे नेऊन दिलं. पाकूने माझ्याच वायरी माझ्याजवळ बांधल्या, पट्टीवर ‘चांगला आहे, मोठं कार्ड लावू नये’ असं लिहून चिकटवलं आणि मला बसडेपोच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. आता मी गाड्यांचं वेळापत्रक छापतो. मला झेपेल एवढंच काम आहे.

म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. आमच्यावर भार टाकण्याआधी लेबल वाचा. आमच्या वायरी आमच्याजवळच ठेवा, दुसऱ्याला लावू नका. वर्षातून एकदा धूळ झटका. आणि आम्ही मधेच बंद झालो तर पलीकडच्या माणसाला आधी कळवा, ते आम्हाला जमत नाही.

दर सोमवारी व्हर्ना वेळापत्रक घ्यायला येते आणि जाताना माझ्या कॅबिनेटवर दोन बोटं वाजवते. परवा आली तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईला सांगत होती, “जूनमध्ये माझा भाऊ येतोय. आमच्या बाबांचे दगड आहेत त्याच्याकडे. मी म्हटलं, पाठवून दे पोस्टाने. तर म्हणतो, जड आहेत, स्वतःच घेऊन येतो.”