एका लिटरात मनमाड

"गाडी इकायची म्हंजी इकायची. दारात उभी राहून पेट्रोल पिती नुसती."

सहादू आबांचा आवाज आमच्या अंगणापर्यंत आला. चैत्राचं ऊन सकाळीच चढलं होतं. शेजारच्या रानात कांदा काढणी चालली होती आणि वाऱ्याबरोबर कांद्याची पातळ साल उडून घराघरांत येत होती. चैताली गाडीच्या सीटवर फडकं मारत होती. तिनं हात थांबवला नाही.

"इकून मंग मी कामाला कशी जाऊ, आबा?"

"यष्टी हाय. रिक्षा हाय."

"वस्त्यांवर यष्टी येती व्हय?"

आबा अंगणातल्या कोंबडीवरच ओरडले.

चैताली ही आबांची सून. तिचा नवरा धम्मपाल चांदवडच्या एका लॅबसाठी गावोगाव फिरून रक्ताचे नमुने गोळा करायचा. पौषात एका सकाळी तो विहिरीवरची मोटर चालू करायला गेला आणि स्टार्टरच्या पेटीला चिकटला. लोक धावले तोवर संपलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळी वस्ती रडली. चैताली बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली भिंतीला पाठ लावून बसली होती. आल्यागेल्याला पाणी विचारत होती. बायका एकमेकींत म्हणाल्या, पोर रडत का नाही? सासूनं, विमलाबाईनं, तिला जवळ घेऊन पाठीवर हात फिरवला, तर ती म्हणाली, "आई, चुलीवर दूध हाय."

पुढं लॅबवाल्यांनी ती जागा तिलाच दिली. रक्त काढायचं शिक्षण तिचं आधीच झालेलं होतं. गाडीही धम्मपालनं शिकवलेली. लहानशी, शंभर सीसीची, काळी, बाजूला लाल पट्टा. गिअरच्या गाडीवर बाई बसलेली बघून सुरुवातीला पारावरची माणसं माना वळवायची. चैतालीला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. सकाळी उठायची, डबा भरायची, बर्फाची पेटी मागं बांधायची आणि निघायची.

अडचण एकच. लॅबवाले पेट्रोल ठरल्यापुरतंच द्यायचे. धम्मपालच्या हाती त्याच पेट्रोलात महिना निघायचा, वर थोडं उरायचंसुद्धा. चैतालीच्या हाती गाडी पंधरवड्यातच कोरडी पडायची. दोनदा ती वाटेत बंद पडली. दुसऱ्यांदा पेटीतले नमुने खराब झाले आणि लॅबचा साहेब फोनवर तिला नाही नाही ते बोलला. पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघतो म्हणाला.

त्यात वरच्या वस्तीवरचा वाल्मीक गाडी विकत मागत होता. आबांनी त्याला जवळपास शब्द दिला होता.

चैतालीनं फडकं दोरीवर टाकलं. "धम्मपालच्या हातात जेवढी पळायची तेवढी पळवून दाखवली तर?"

"कशी दावशील?"

"टाकी मोकळी करायची. एकच लिटर घालायचं. मनमाडला जाऊन परत चांदवडच्या चौफुलीपर्यंत यायचं. तिथवर आली तर गाडी राहील. नाय आली तर वाल्मीकभाऊ न्या म्हनावं."

"आन खरंखोटं कोन बघायचं?"

"तुमी बसा मागं."

विमलाबाई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. सासरा सुनेच्या मागं गाडीवर! पण आबा इरेला पेटले होते. "बसतो," म्हणाले. "आयतवारी."

चैताली दुसऱ्याच दिवशी मंगळूकडं गेली. चौफुलीजवळ लिंबाखाली त्याचं गॅरेज. मंगळू धम्मपालचा शाळेतला सोबती. त्यानं गाडी बघितली, मागचं चाक दाबून पाहिलं. मग पंपानं हवा भरायला लागला.

"मागच्या चाकात हवाच नाय वहिनी. दगडावरनं पोतं वढल्यासारखी वढती तू तिला."

एअर फिल्टर काढून त्यानं फरशीवर आपटला. धुरळ्याचा ढग उठला. प्लग घासला, साखळी ताणून तेल सोडलं, कार्बुरेटरचा स्क्रू थोडा थोडा फिरवत इंजिनाचा आवाज ऐकत राहिला. चोक अर्धा ओढलेलाच राहतो हेही त्यानं दाखवलं. मग तो म्हणाला, "आता एक चक्कर मारून ये."

ती आली तेव्हा त्यानं मागच्या चाकाच्या मधोमध हात लावला आणि चटकन ओढला.

"ड्रम तापलाय. तू ब्रेकवर पाय ठिवूनच गाडी चालवती."

"नाय ठिवत."

"ठिवती. तुला कळत नाय. एका हातानं पेट्रोल देती आन पायानं गाडी दाबून धरती. मंग ती पिणार नाय तर काय?"

चैतालीनं खाली आपल्या पायाकडं बघितलं. चप्पल खरंच पेडलवर टेकलेली होती. तिनं पाय उचलून बाजूला ठेवला. आणखी एक चक्कर मारली, तर पहिल्याच वळणावर तो पुन्हा तिथंच गेला होता.

मंगळूनं आणखी सांगितलं. गिअर लवकर टाकायचा, चौथ्यात आली की चाळीस-पंचेचाळीसला धरून ठेवायचं. क्लच अर्धवट दाबायचा नाही. पुढं ट्रक थांबलेला दिसला तर आधीच मूठ सोडायची, जवळ जाऊन ब्रेक मारायचा नाही. चैतालीनं मान हलवली. पुढचे सगळे दिवस ती कामावर जाता-येता तेवढंच करत राहिली. उजवा पाय पेडलवर गेला की उचलायची. पुन्हा गेला की पुन्हा उचलायची. पोटरी दुखायला लागली, तरी तिनं कुणाला सांगितलं नाही.

रविवार आला. मंगळूनं वस्तीवर येऊन सगळ्यांसमोर टाकीतलं पेट्रोल काढलं. पाण्याच्या बाटलीनं एक लिटर मोजून आत ओतलं. आबांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली, वर उपरणं बांधलं आणि गाडीवर चढायला लागले. पाय वर येईना. शेवटी ओट्यावरून चढले. सुनेला हात लागू नये म्हणून मागची कडी धरून ताठ बसले.

चांदवड मागं पडलं. मनमाडच्या रस्त्याला लागल्यावर वारा समोरून यायला लागला. कोरडा, तापलेला. दोन्ही बाजूंना कांद्याचे ढीग आणि त्यांच्यावर वाकलेल्या बायका. चैताली टाकीवर वाकून चालवत होती. आबा मागं खांबासारखे ताठ होते.

"आबा, जरा वाका. वारा आडतो."

"आं?"

"वाका म्हनलं. पेट्रोल जास्त जातं."

आबा थोडे वाकले. खड्डा आला तेव्हा त्यांचा हात कडीवरून सुटला आणि तिच्या खांद्यावर पडला. तो त्यांनी मग काढला नाही.

मनमाडला रेल्वे पुलाच्या अलीकडं त्यांनी चहा घेतला. आबांनी बशीतला चहा फुंकत गाडीकडं बघितलं. "निम्म्याच्या वर संपलं आसंल," म्हणाले. चैताली म्हणाली, "आसंल."

परतीला वारा पाठीवर आला. गाडी एका सुरात चालली होती. समोर चांदवडचे डोंगर धुरकट दिसायला लागले. चौफुली जवळ आली, तेव्हा लिंबाखालून मंगळू रस्त्यावर धावत आला आणि दोन्ही हात हलवायला लागला. चैतालीनं मूठ सोडली. गाडी हळू झाली. बंद मात्र पडली नव्हती.

"आली आबा चौफुली," ती म्हणाली.

आबांचा हात तिच्या खांद्यावरून हलला नाही.

"उतरता नव्हं?"

"चालू दी," आबा म्हणाले. "संपंपर्यंत चालू दी."

"घरी?"

"सरळ घे. हायवेनं."

मंगळू बघतच राहिला. चैतालीनं नाशिकच्या अंगाला गाडी घातली. कांद्याचे ट्रक अंग घासून जात होते. आबांचा हात तिच्या खांद्यावर जड झाला होता. तिला वाटलं, उन्हानं. थोड्या वेळानं मागून त्यांचं बोलणं ऐकू आलं. वाऱ्यात निम्मं उडत होतं.

"त्यो लय म्हनायचा... आबा, बसा मागं, चांदवडला सोडतो. म्या म्हनायचो, मला घाई नाय, यष्टीनं जाईन. येकदा बी नाय बसलो त्याच्या मागं. येकदा बी नाय."

चैतालीनं ऐकलं. डोळ्यांत काही आलं नाही. रस्ता तसाच समोर होता, पांढरा, हालणारा. तिनं फक्त वेग थोडा आणखी कमी केला. म्हणजे पेट्रोल जास्त वेळ पुरेल.

वडाळीभोईच्या अलीकडं इंजिन दोनदा अडखळलं आणि गप्प झालं. गाडी उताराला घरंगळत गेली आणि एका बाभळीपाशी थांबली. दोघं उतरले. आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मग गाडीच्या मागं गेले आणि कडीला हात घातला.

"तू हांडेल धर. म्या लोटतो."

"मी लोटते आबा."

"धर म्हनलं ना."

पंप पुढं दिसत होता. दोघांनी गाडी लोटत नेली.

घरी आले तेव्हा वाल्मीक अंगणात बाजेवर बसला होता. मंगळूनं फोन करून आधीच सगळं सांगितलं होतं. वाल्मीक उठून गाडीभोवती फिरला. "आबा, मंग ठरल्यापरमानं? आता तर ॲव्हरेज बी झकास देती म्हनं."

"न्हाय द्यायची."

"आवो पर शब्द दिला व्हता तुमी."

"दिला व्हता," आबा म्हणाले. "लबाड म्हन मला. चा घे आन जा."

विमलाबाईनं सुनेला तांब्या दिला. "जिंकलीस गं बाई."

"हं," चैताली म्हणाली. पाणी प्यायली. तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं, हरल्यासारखंही नाही. ती आत गेली आणि गार फरशीवर आडवी झाली. आणि झोपली. पौषापासून पोर डोळा लागला की दचकून उठायची, हे विमलाबाईनंच मला नंतर सांगितलं. त्या दुपारी ती हलली नाही. विमलाबाई हंडा न वाजवता पाणी भरत होती.

ऊन कलायला लागलं तसं ते गाडीवर आलं. आबा बाजेवरून उठले. स्टँड कसं काढायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. दोन-तीनदा धडपडले, घोट्याला लागलं, तरी गाडी त्यांनी लोटत लोटत गोठ्याच्या सावलीला नेली.

मी कुडावरून विचारलं, "काय करता आबा?"

"हळू बोल," आबा म्हणाले. "पोर झोपलीय." आणि मग टाकीवर हात ठेवून बघत म्हणाले, "उन्हानं पेट्रोल उडून जातं म्हनं."