पाव इंचाचा उतार

"हा नकाशा कुणी काढला?" अध्यक्षबाईंनी कागद उजेडाकडे धरून विचारलं.

"मीच," रत्नप्रभा म्हणाली.

कंत्राटदाराचे वकील हलकेच हसले. "मॅडम, तक्रारदार इंजिनिअर नाहीत. घरी बसून काढलेल्या चित्राला पुरावा कसं म्हणायचं?"

चेन्नईच्या जिल्हा ग्राहक आयोगातली ही तिची पाचवी तारीख. वय एकोणसत्तर. तंजावरी मराठी घरातली, पण जन्म आणि संसार दोन्ही मैलापुरात. वकील तिनं लावलाच नव्हता. ती सावकाश उठली आणि तमिळमध्ये बोलू लागली.

"इंजिनिअर नाही मी. सरकारी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं ट्रेसर होते. इंजिनिअरांचे नकाशे उतरवून काढायचे आणि चूक दिसली की त्यांना दाखवायचे. बाथरूमच्या फरशीला पाणी जायच्या जाळीकडे फुटामागे पाव इंच उतार लागतो. आमच्याकडे जाळीच दारापेक्षा अर्धा इंच उंच आहे. नळीत पाणी भरून, त्याची पातळी बघून नऊ ठिकाणी मोजलंय. कुणालाही पाठवा, मोजू दे."

"पाठवते," अध्यक्षबाई म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात कंत्राटदार कार्तिक तिच्यामागून आला. "अम्मा, सगळे पैसे परत करतो. तक्रार तेवढी मागे घ्या."

"फरशी चुकीची बसवली, असं लिहून देशील?"

तो चपलांकडे बघत राहिला. "ते कसं लिहू, अम्मा?"

"मग राहू दे."

नवी फरशी बसून तीन आठवडे झाले होते, तेव्हा दारापाशी साचलेल्या पाण्यावरून तिचा नवरा व्यासराज घसरला. खुब्याचं हाड मोडलं. तिनं कार्तिकला फोन लावला तेव्हा स्पीकर चालू होता. "म्हातारं माणूस, पडायचंच," तो म्हणाला, आणि खाटेवरून व्यासराजनं ते ऐकलं. एके काळी शाळेत गणित शिकवणारा हा माणूस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मग स्वतःच सांगू लागला, "मीच बघून पाऊल टाकलं नाही." हाड जुळलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण तो घराबाहेर पडेना.

ती तारखेहून परतली, त्या संध्याकाळीही तो म्हणाला, "पैसे घेऊन टाकायचे होतेस. मज आता कुठं चालायचंय? चूक माझीच होती."

"चूक कुणाची, तेच मज लिहून हवंय," रत्नप्रभा म्हणाली आणि कॉफी गाळायला गेली.

आयोगानं नेमलेला इंजिनिअर आपलं यंत्र घेऊन आला. त्यानं मोजमापं घेतली आणि आपले आकडे तिच्या नकाशाशेजारी मांडले. आठ जुळले. नववा जुळेना. "इथं तुमचं चुकलंय, अम्मा," तो म्हणाला.

"पुन्हा मोजा."

त्यानं गुडघे टेकून पुन्हा मोजलं. मग स्वतःचा आकडा खोडला. जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, "हा नकाशा हातानं काढलाय ना? आता असं कुणी काढत नाही."

"आम्हांला दुसरं येतच नव्हतं," ती म्हणाली. पण तो गेल्यावर ती बराच वेळ त्या कागदापाशी बसून होती.

तीन महिन्यांनी निकाल लागला. भरपाई मिळाली, दवाखान्याचा खर्चही. रत्नप्रभेनं निकालाची पानं उलटली आणि सहाव्या पानावरचा इंग्रजी मजकूर व्यासराजला मराठीत वाचून दाखवला. "फरशीचा उतार उलटा असल्यानं पाणी साचलं आणि त्यामुळेच अपघात झाला. पडलेल्या व्यक्तीचा कोणताही निष्काळजीपणा दिसून येत नाही."

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

 व्यासराजनं उठून इस्त्रीचा सदरा चढवला, बटणं एकेक करून लावली आणि काठी घेतली. "खाली जाऊन येतों," तो म्हणाला.

ती सोबत जायला म्हणून चपला घालायला निघाली, आणि थांबली.

खिडकीतून तिला तो फाटकाबाहेर पडताना दिसला. समोरून रिक्षा आली, तिला त्यानं वाट दिली. फुलवालीनं काहीतरी विचारलं, त्यावर त्यानं मान हलवली. मग देवळाच्या तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत तो वळला आणि दिसेनासा झाला.