निरसं दूध

आमच्या श्यामच्या देवाला पिशवीतलं दूध चालत नाही. म्हणजे असं श्याम म्हणतो. देवाने कधी तक्रार केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. "ताई, ते डेअरीतच तापवून येतं. अभिषेकाला निरसंच हवं." निरसं म्हणजे न तापवलेलं, गाईच्या आचळातून आलं तसं. त्यामुळे ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीतल्या देवळात रोज सकाळी रखमाच्या गाईचं दूध यायचं. ही रखमा देवळाच्या दाराशी गाय बांधून बसते. येणारेजाणारे तिच्याकडून चारा घेतात, तिच्याच गाईला घालतात आणि पुण्य पदरात पाडून ऑफिसला जातात.

श्यामकांत माझा धाकटा भाऊ. कोर्टातली नोकरी संपली तसा देवळाचा ट्रस्टी झाला आणि अभिषेक स्वतःच करायला लागला. मी त्याच्याकडेच राहते. लग्न केलं नाही, त्यामुळे माझं तोंड बंद करणारं कुणी भेटलं नाही. घरात आम्ही दोघं, त्याचा मुलगा राजस आणि सून क्षितिजा.

क्षितिजाला फार वर्षांनी दिवस राहिले. इंजेक्शनं झाली, ऑपरेशनं झाली, दोनदा आशा लागून मोडली, तेव्हा कुठे हे. श्यामची बायको नातवंडाची वाट बघतच गेली होती, त्यामुळे हा माणूस नुसता वेडा झाला होता. अभिषेक आटोपला की पंचामृताची वाटी झाकून तरातरा घरी यायचा, आणि पळीभर तीर्थ क्षितिजाच्या हातावर घालायचा. तिला देवाधर्माचं विशेष काही नाही. बँकेतली मुलगी, परळच्या काचेच्या इमारतीत बसणारी. पण सासऱ्याचं तोंड बघून ती निमूटपणे हात पुढे करायची. "आत्या, त्यांना बरं वाटतं ना, मग झालं तर," असं मला म्हणायची. मला ती पोर यासाठीच आवडते.

मधे रखमाची गाय गाभडली. वासरू दिवस भरायच्या आतच पडलं, मेलेलं. रखमा खूप रडली. आम्ही सगळे हळहळलो आणि आपापल्या कामाला लागलो. गाय दूध देत होती, अभिषेक चालू होता.

पाचव्या महिन्यात क्षितिजाला ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, मग अंगाला दरदरून घाम, गाऊन पिळून काढावा असा. कंबर इतकी दुखायची की तिला उठून बसवत नसे. वाडीतल्या बायका म्हणाल्या, पोटुशीला असं होतंच. कप्पाळ त्यांचं! मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही. गोळ्या दिल्या की ताप उतरायचा आणि गोळ्या संपल्या की परत हजर. शेवटी परळच्या एका हॉस्पिटलात ॲडमिट केलं.

तिथली डॉक्टर शेफाली, वयाने लहान पण चिवट. तिने विचारलं, "घरात कुणी कच्चं दूध पितं का?"

"कच्चं?" मी तडकलेच. "अहो, आमच्याकडे दोनदा उकळल्याशिवाय दूध कपात पडत नाही."

"गुरांशी संबंध? गाय, शेळी?"

"ठाकूरद्वारात राहतो आम्ही, डॉक्टर," राजस म्हणाला. श्यामही तिथेच उभा होता. त्यानेही मान हलवली. आमच्यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं. दूध म्हणजे चहाचं, भाताच्या खिरीचं, रात्रीचं हळद घालून. तीर्थाला दूध कोण म्हणतं?

रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागला. ब्रुसेला. गुरांचा रोग, डॉक्टर म्हणाली. गाईंची वासरं पडतात याने, आणि दुधातून तो माणसात येतो. त्याची वेगळी औषधं सुरू झाली. श्याम तोवर रोज वाटी घेऊन हॉस्पिटलात येतच होता. नर्सची नजर चुकवून एक पळी सुनेला द्यायचा.

औषधांनी तापाला उतार पडला, पण बाळाचे ठोके थांबले.

त्या दिवसाचं मी काही सांगणार नाही. मुलगी होती, एवढंच सांगते. राजस भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि श्याम त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "देवाची मर्जी, बाळा." मला त्या देवाचा असा राग आला की बोलायची सोय नाही.

क्षितिजा घरी आली. दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. ती छताकडे बघत पडली होती. मधेच म्हणाली, "आत्या, तीर्थातलं दूध तापवत नाहीत ना?"

रखमाची गाय, ते वासरू, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. माझ्या तोंडावर दिसलंच असणार.

"पप्पांना सांगू नका," ती म्हणाली. "त्यांचं बायपास झालंय. आणि स्वतःच्या हाताने दिलं हो त्यांनी. किती आनंदाने द्यायचे! सहन नाही होणार त्यांना. शपथ घ्या माझी."

घेतली. काय करणार? रात्री श्याम न जेवताच उठायला लागला, तर ती भिंतीला धरून बाहेर आली आणि म्हणाली, "पप्पा, दोन घास तरी खा." त्याने खाल्ले. मी माझं ताट तसंच उचललं.

सकाळी मी देवळाशी गेले. शपथ मोडायला नाही, नुसती बघायला. श्याम गाभाऱ्यापाशी उभा राहून तीर्थ देत होता. रांगेत पहिल्या मजल्यावरची प्रिती होती, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. तिने त्याची चिमुकली मूठ उघडली आणि पुढे धरली. श्याम त्याला हसवत पळी भरत होता.

"श्याम, थांब! नको देऊस त्याला!"

सगळे वळून बघायला लागले. "ताई, काय झालं?" तो म्हणाला. मग मी सांगितलं. सगळ्यांसमोरच सांगितलं, कारण तीर्थ सगळ्यांनीच घेतलं होतं. हळुवारपणे सांगायला हवं होतं, पण मला हळुवार काही जमत नाही. गाय, दूध, क्षितिजाचा ताप, बाळ. श्याम पळी हातात धरून ऐकत राहिला. प्रितीने पोराला छातीशी धरलं आणि म्हणाली, "लतिकाताई, अहो, याला रोज देतोय आम्ही."

श्यामने एवढंच विचारलं, "क्षितिजाला ठाऊक आहे?"

"कालपासून."

तो देवळाच्या पायरीवर बसला. मला वाटलं, आता हा आडवा होणार. हात धरायला गेले तर त्याने झिडकारला. मग उठला, दूध मोरीत ओतलं, रखमाला गाय घेऊन महापालिकेच्या गुरांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि प्रितीला म्हणाला, "आजच रक्त तपासून घ्या, पोराचंही. औषध आहे याच्यावर." तिथून तो वाडीत शिरला.

एकेक दार वाजवत गेला. मी मागून चालत होते. प्रत्येक दारात तेच. "माझ्या हातचं तीर्थ घेतलंत का? मग रक्त तपासा. माझी नात त्यानेच गेली." कुणी रडलं, कुणी त्याच्यावर ओरडलं. तळमजल्यावरचा हितेंद्र तर म्हणाला, "काका, देवाच्या तीर्थाबद्दल असं बोलवतं तरी कसं तुम्हाला?" आणि दार लावून घेतलं. श्याम पुन्हा वाजवत राहिला, हितेंद्रने दार उघडेपर्यंत, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला.

आमचं घर वरच्या मजल्यावर, शेवटचं. तिथे आला आणि बेलकडे गेलेला हात त्याने मागे घेतला. आत पावलांचा आवाज गेला असावा. दार क्षितिजानेच उघडलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं. माझी मान खाली गेली.

श्याम सकाळपासून एकच वाक्य घोकल्यासारखं म्हणत होता, दुसरं काही त्याच्या तोंडातून येईना.

"माझ्या हातचं तीर्थ घेतलं होतंस का गं?"

"हो, पप्पा," क्षितिजा म्हणाली. "रोज."